‘वारं गेलं’ म्हणण्याआधी : लकव्याच्या ओळखीचा इतिहास

इतिहास म्हटलं की आपल्याला राजे आणि लढाया आठवतात. पण दुखण्यांनाही इतिहास असतो. एखादा आजार माणसाला फार पूर्वीपासून होत असतो; तो कशानं होतो हे कळायला मात्र शेकडो वर्षं जातात, आणि तोवर माणसं त्याच्यापुढे हात जोडून बसतात. लकवा हा तसाच आजार. आज त्याचाच इतिहास सांगणार आहे, कारण तो ऐकला की आपल्या गटातल्या प्रत्येकीला कळेल की या आजारात पहिली दहा मिनिटं डॉक्टरांच्या हातात नसतात. ती घरातल्या आणि शेजारच्या बाईच्या हातात असतात.

आधी नावांपासून सुरुवात करू. आपल्याकडे म्हणतात, “अंगावरून वारं गेलं.” अर्धांगवायू या शब्दातही वाराच आहे. अर्धं अंग आणि वायू. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांनी हा आजार वाताच्या रोगांत धरला आणि त्याला पक्षाघात म्हटलं. पक्ष म्हणजे बाजू, आघात म्हणजे तडाखा. तिकडे ग्रीस देशात जे नाव होतं, त्याचाही अर्थ तडाखा बसून खाली पडणं असाच. इंग्रजीतला ‘स्ट्रोक’ म्हणजे फटका. हा देवाच्या हातचा फटका, असं तिकडची माणसं म्हणत.

बघा, देश वेगळे, भाषा वेगळ्या, पण सगळ्यांना एकच वाटलं. चांगलं चालतंबोलतं माणूस अचानक कोसळतं, म्हणजे बाहेरून काहीतरी येऊन त्याला मारून जातं. वारा म्हणा, देवाचा कोप म्हणा. आणि मार बाहेरून आला असेल तर माणसानं करायचं काय? ग्रीसमध्ये हिपोक्रेटिस हे फार मोठे वैद्य होऊन गेले, साधारण चोवीसशे वर्षांपूर्वी. त्यांच्या नावावरच्या ग्रंथात असं म्हटलं आहे की हा झटका जोराचा असेल तर बरा होणं अशक्य, आणि हलका असेल तरी सोपं नाही. पुढे दोन हजार वर्षं वैद्यांनी जवळजवळ हेच मान्य केलं.

एक नाव मात्र वेगळं आहे. लकवा. हा शब्द अरबी भाषेतून आपल्याकडे आला. मुळात तो वाकड्या झालेल्या तोंडासाठी वापरत. म्हणजे या नावात कारण नाही, पण डोळ्यांना दिसणारी खूण आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, आपण पुन्हा तिच्याकडे येणार आहोत.

आता येऊ १६५८ सालाकडे. स्वित्झर्लंड देशात शाफहाउझेन नावाच्या गावात योहान याकोब वेफर नावाचे डॉक्टर होते. या आजारानं गेलेल्या काही माणसांची शवं त्यांनी उघडून पाहिली. कवटीच्या आत त्यांना रक्त साचलेलं दिसलं. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली होती. मेंदूकडे जाणारी वाहिनी तुंबली तरी असा झटका येऊ शकतो, हेही त्यांनी मांडलं. म्हणजे वारा नाही आणि बाहेरचा फटकाही नाही. दोष आतल्या नळीत.

आपल्या शेतात ठिबकच्या नळ्या असतात. एखादी नळी कचऱ्यानं तुंबली की पुढच्या रोपांना पाणी मिळत नाही, ती माना टाकतात. दाब जास्त झाला की नळी फुटते, एका जागी पाणी साचतं आणि पुढची रोपं कोरडीच राहतात. मेंदूचंही असंच. तुंबणं हे एक कारण, फुटणं हे दुसरं. तुंबण्याचं प्रमाण जास्त. मेंदूच्या ज्या भागाला रक्त मिळत नाही, त्या भागाचं काम थांबतं. हात हलवणारा भाग असेल तर हात पडतो, बोलण्याचा भाग असेल तर वाचा जाते. डाव्या मेंदूचा हुकूम उजव्या अंगावर चालतो आणि उजव्याचा डाव्या अंगावर. म्हणून एकच बाजू लुळी पडते. बहुतेकांची बोली डाव्या मेंदूत असते, म्हणून उजवा हात आणि वाचा पुष्कळदा बरोबरच जातात. एखादी बाई अचानक असंबद्ध बोलायला लागली तर ती बाहेरची बाधा नव्हे. तिच्या मेंदूची नळी अडली असण्याची शक्यता असते.

कारण कळलं, तरी औषध नव्हतं. पण खुणा कशा येतात, हे त्या काळातल्या एका प्रसंगातून चांगलं समजतं. लुई पाश्चर हे नाव तुम्ही ऐकलं असेल. पिसाळलेलं कुत्रं चावल्यावर द्यायची लस त्यांनी शोधली. १९ ऑक्टोबर १८६८ च्या सकाळी पॅरिसमध्ये त्यांना डाव्या अंगाला मुंग्या आल्या. वय होतं ४५. त्या दिवशी शास्त्रज्ञांच्या सभेत त्यांना एक लेख वाचायचा होता. बायकोला, मारी पाश्चर यांना, हे लक्षण बरं वाटेना. आपल्याला बाहेर काम आहे असं निमित्त काढून त्या सभेच्या दारापर्यंत नवऱ्याबरोबर गेल्या. पाश्चरांनी लेख वाचला, घरी आले, जेवले आणि लवकर झोपायला गेले. अंथरुणावर पडल्यावर झटका आला. बोलता येईना, डावी बाजू हलेना. उपचार काय, तर कानांच्या मागे जळवा लावल्या. त्या काळात तेवढंच होतं.

पाश्चर वाचले. डावा हात आणि पाय कायमचे अधू राहिले. तरीही त्यांनी काम सोडलं नाही. पिसाळलेल्या कुत्र्याची लस त्यांनी १८८५ मध्ये माणसाला दिली, म्हणजे लकवा होऊन गेल्यावर सतरा वर्षांनी. लकवा झाला म्हणजे माणूस संपलं, असं समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. आणि आपण दुसरी गोष्ट लक्षात ठेवू. ती खूण सकाळीच आली होती, आणि बायकोला ती खटकली होती.

आता दुसरा प्रसंग, १९४५ सालचा. फ्रँकलिन रूझवेल्ट अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष होते. दुसरं महायुद्ध चालू होतं. त्यांचा रक्तदाब, ज्याला आपण बीपी म्हणतो, कित्येक वर्षं वाढत चालला होता. मार्च १९४४ मध्ये हृदयाच्या डॉक्टरांनी तपासलं तेव्हा तो १८६ वर १०८ होता. पण राष्ट्राध्यक्षांची तब्येत ठीक आहे, असंच लोकांना सांगितलं जात होतं. १२ एप्रिल १९४५ ला दुपारी ते खुर्चीत बसले होते, समोर एक चित्रकार बाई त्यांचं चित्र काढत होत्या. एकाएकी डोक्यात मागच्या बाजूला भयंकर कळ आल्याचं त्यांनी सांगितलं आणि शुद्ध हरपली. डॉक्टरांनी बीपी पाहिलं, तर ३०० वर १९०. दोन-अडीच तासांत ते गेले. मेंदूतली वाहिनी फुटली होती. वय ६३.

जगातल्या सगळ्यात ताकदवान माणसाला तेव्हा बीपीची चांगली गोळी मिळाली नाही, कारण ती निघालीच नव्हती. तीन वर्षांनी, १९४८ मध्ये, अमेरिकेत फ्रेमिंगहॅम नावाच्या गावी एक मोठा अभ्यास सुरू झाला. गावातल्या ५,२०९ माणसांची नावं नोंदवली आणि वर्षानुवर्षं त्यांची तपासणी केली. त्यांत निम्म्याहून जास्त बाया होत्या. वाढलेलं बीपी हे लकव्याचं मोठं कारण आहे, हे अशा अभ्यासांतून पक्कं झालं. १९५० च्या दशकाच्या शेवटी रोज घेता येतील अशा चांगल्या गोळ्या आल्या. १९६७ आणि १९७० मध्ये अमेरिकेतल्या माजी सैनिकांवरच्या अभ्यासात दिसलं की गोळ्यांनी बीपी खाली ठेवलं तर लकवा टळतो.

म्हणजे जी गोळी रूझवेल्टना मिळाली नाही, ती आज आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळते. आणि आपण काय करतो? “आता बरं वाटतंय” म्हणून महिन्याभरात बंद करतो. बीपी दुखत नाही, मैत्रिणींनो. ते वाढलेलं अंगाला कळत नाही. म्हणून ते मोजावंच लागतं, आणि गोळी डॉक्टर सांगतील तोवर घ्यावीच लागते.

तिसरा प्रसंग १९५३ सालचा, रशियातला. तिथला सत्ताधारी स्टालिन. त्याच्या नावानं सगळा देश थरथर कापायचा. १ मार्चला तो दिवसभर खोलीतून बाहेर आला नाही. पहारेकरी दाराबाहेर उभे. साहेब झोपलेत, उठवलं तर आपली धडगत नाही, या भीतीनं कोणी आत जाईना. रात्री उशिरा एकजण टपाल घेऊन आत गेला, तर स्टालिन जमिनीवर पडलेला. कपडे ओले झालेले, तोंडातून शब्द फुटत नाही. त्यानंतरही डॉक्टर पोचायला दुसरी सकाळ उजाडली. देशातले कितीतरी नामांकित डॉक्टर तर त्यानंच खोट्या आरोपाखाली तुरुंगात टाकले होते. ५ मार्चला तो मेला.

डॉक्टर लवकर आले असते तरी त्या काळात फार काही करता आलं असतं असं नाही. पण “झोपलेत, उठवू नका” हे वाक्य आपल्या घरांतही चालतं. सासरे दुपारपासून उठले नाहीत, असू दे, थकले असतील. सासूबाई बोबडं बोलतात, असू दे, झोपेत असतील. रात्रीची वेळ आहे, सकाळी बघू. स्टालिनच्या दारात भीती होती, आपल्या दारात भीड असते. वेळ दोन्हीकडे सारखीच जाते.

आणि आज ती वेळ फार महागाची आहे. का, ते सांगते. १९७१ मध्ये लंडनमधल्या एका दवाखान्यात पहिल्यांदा सीटी स्कॅन यंत्रानं जिवंत माणसाच्या मेंदूचा फोटो काढला. वेफरना जे शव उघडून बघावं लागलं, ते आता कवटीला हात न लावता दिसायला लागलं. वाहिनी तुंबली की फुटली, हे काही मिनिटांत कळू लागलं. मग १९९५ मध्ये एक मोठा अभ्यास छापून आला. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन झटका आल्यापासून तीन तासांच्या आत दिलं, तर पुष्कळ जण पुन्हा आपल्या पायावर उभे राहिले. तीन महिन्यांनी जवळजवळ अपंगत्व न राहिलेल्यांचं प्रमाण, इंजेक्शन न मिळालेल्यांच्या तुलनेत निदान तीस टक्क्यांनी जास्त होतं. २००८ मध्ये ही मुदत साडेचार तासांपर्यंत वाढली. त्यानंतर मोठ्या दवाखान्यांत नळी घालून गुठळी बाहेर काढण्याचा उपचारही आला. हिपोक्रेटिसच्या काळापासून ज्या आजारापुढे वैद्य हात टेकत होते, त्यावर इलाज मिळाला. पण तो घड्याळाला बांधलेला आहे. २००६ मध्ये एका शास्त्रज्ञानं हिशेब मांडला. मोठी वाहिनी तुंबलेली असेल, तर दर मिनिटाला मेंदूच्या सुमारे १९ लाख पेशी मरतात.

हे इंजेक्शन गावातल्या दवाखान्यात लगेच का टोचत नाहीत, असं तुम्ही विचाराल. कारण ते गुठळी विरघळवतं. वाहिनी तुंबली असेल तर जीव वाचतो, पण फुटली असेल तर रक्तस्राव वाढून जीव जातो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून आधी सीटी स्कॅन, मग इंजेक्शन. आणि म्हणूनच घरच्या घरी रक्त पातळ करायची गोळीही द्यायची नाही.

इलाज मिळाल्यावर नवा प्रश्न उभा राहिला. माणसं वेळेत पोचणार कशी? झटका घरात येतो, शेतात येतो, तिथं डॉक्टर नसतो. म्हणून १९९० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात आणि इंग्लंडमधल्या न्यूकॅसलमध्ये डॉक्टरांनी रुग्णवाहिकेवरच्या कर्मचाऱ्यांसाठी एक सोपी तपासणी बसवली. लांबलचक यादीतून तीनच खुणा घेतल्या, तोंड, हात आणि बोली. पुढे लक्षात आलं की या खुणा ओळखायला नर्सही लागत नाही, शाळा शिकलेली असण्याचीही गरज नाही. डोळे आणि कान असले की झालं. लकवा या जुन्या नावात जी खूण दडलेली होती, तीच यात पहिली आली.

ही तपासणी अशी करायची. आज घरी गेल्यावर एकमेकींवर करून बघा.

पहिली खूण, तोंड. हसायला सांगा, दात दाखवायला सांगा. एका बाजूचा ओठ खाली लोंबतो का, लाळ गळते का, बघा.

दुसरी, हात. डोळे मिटून दोन्ही हात समोर धरायला सांगा, पसा मांडतो तसे तळवे वर करून. दहापर्यंत मोजा. एक हात आपोआप खाली येतो का? भाकरी थापता थापता एक हात चालेनासा होणं, तांब्या हातातून गळणं, एका पायातली चप्पल निसटून कळलंही नाही, याही त्याच खुणा.

तिसरी, बोली. एक साधं वाक्य म्हणायला सांगा. “आज बाजाराचा दिवस आहे.” जीभ अडखळते का, शब्द भलतेच येतात का, आपलं बोलणं तिला कळत नाही का, बघा.

या तिघींबरोबर आणखी तीन खुणा आहेत. अचानक तोल जाणं, अचानक एका किंवा दोन्ही डोळ्यांनी दिसेनासं होणं, आणि कधीच दुखलं नाही असं डोकं एकाएकी दुखणं. यात “अचानक” हा शब्द महत्त्वाचा. यांतली एक खूण दिसली तरी पुरे, तिन्हींची वाट बघायची नाही.

एक फसवी गोष्ट सांगते. कधी कधी तोंड वाकडं होतं, हात जड पडतो आणि दहा-पंधरा मिनिटांत सगळं पूर्ववत होतं. घरचे म्हणतात, टळलं एकदाचं. टळलेलं नसतं. २००० साली अमेरिकेत छापलेल्या एका अभ्यासात, असं होऊन गेलेल्या दर शंभर जणांपैकी दहा जणांना तीन महिन्यांत मोठा झटका आला, आणि त्यांतल्या निम्म्यांना तर पहिल्या दोन दिवसांतच. म्हणून बरं वाटलं तरी त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

आता तुम्ही म्हणाल, हे अमेरिकेचं आणि इंग्लंडचं झालं. आपल्याकडचं काय? आपल्या गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ संस्थेच्या डॉक्टरांनी २०११ ते २०१३ अशी दोन वर्षं ८६ गावांतल्या मृत्यूंचा अभ्यास केला. एकूण १,५९९ मृत्यू. त्यांतले २२९ लकव्यानं, म्हणजे शंभरातले चौदा. या गावांत मृत्यूचं सगळ्यात मोठं कारण लकवा ठरलं. गेलेल्यांत जवळपास निम्म्या बाया होत्या. आणि शंभरातल्या सत्त्याऐंशी जणांचा मृत्यू घरीच झाला.

घरीच. इंजेक्शन निघून सोळा-सतरा वर्षं झाली होती तेव्हा. दवाखाना लांब, गाडी नाही, पैसा नाही, ही कारणं खरी आहेत. पण त्याच्या जोडीला “वारं गेलंय, आता काय करणार” ही समजूतही असते. मग कोणी तेलानं चोळतं, कोणी कबुतराचं रक्त लावतं, कोणी लांबच्या गावचं औषध आणायला जातं. चोळणाऱ्यांची माया खोटी नसते. पण त्या मायेत साडेचार तास निघून जातात.

म्हणून आपल्या बचत गटानं काही गोष्टी ठरवून घ्याव्यात.

खूण दिसली की पहिल्यांदा घड्याळ बघा. वेळ भिंतीवर लिहा, हातावर लिहा. माणूस ठीक असल्याचं शेवटचं कोणी आणि किती वाजता पाहिलं, हे डॉक्टर सगळ्यात आधी विचारतात. मग १०८ ला फोन करा आणि स्पष्ट सांगा की लकव्याचा झटका आहे, इतक्या वाजता आला. गाडीला उशीर होणार असेल तर गावातली जी गाडी मिळेल ती काढा. पाणी, चहा, गोळी काही देऊ नका. गिळता येत नसेल तर ते श्वासनलिकेत जातं. माणसाला कुशीवर झोपवा. तिच्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका. साडेचार तास उलटून गेले असले तरी घरी ठेवू नका, तेव्हाही करण्यासारखं पुष्कळ असतं.

सीटी स्कॅन आणि हे इंजेक्शन आपल्यापासून जवळ कुठल्या दवाखान्यात मिळतं, हे आजच आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना विचारून ठेवा. गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर ते नाव आणि गावातल्या दोन गाडीवाल्यांचे फोन लिहा. रात्री दोन वाजता शोधत बसायला लागू नये.

आणि झटका येऊच नये म्हणून तिशीपुढच्या प्रत्येकीनं बीपी आणि साखर तपासून घ्यावी. लोणचं, पापड, खारवलेलं कमी करावं. मिसरी आणि तंबाखू सोडावी. हप्ता गोळा करताना एक प्रश्न रोजचाच करा, “बीपीची गोळी चालू आहे ना?”

२९ ऑक्टोबर हा जागतिक लकवा दिवस. त्या दिवशीच्या बैठकीत ही तोंड, हात आणि बोलीची तपासणी करून दाखवा. सुना, मुली, शाळेतली पोरं, सगळ्यांना शिकवा. झटका घरातल्या शिकवणाऱ्या बाईलाच आला, तर तो ओळखायला दुसरं कोणीतरी हवं.

“वारं गेलं” हा शब्द आपल्या आज्या-पणज्यांचा आहे, तो राहू द्या. फक्त तो उच्चारल्यावर लगेच पुढचं वाक्य यायला हवं : किती वाजले, आणि गाडी कुठे आहे?